कॉम्प्युटिंगचा भूतकाळ आणि भविष्य: सेमिनार कसा घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी "कॉम्प्युटिंगचा भूतकाळ आणि भविष्य" हा सेमिनार पहिल्यांदाच घ्यायचाय, एक सेमिस्टर, आठवड्याला दोन तास, हाताशी पाठ्यपुस्तकातला पाच पिढ्यांचा तक्ता आहे (व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी, मायक्रोप्रोसेसर आणि शेवटी एआय), तर तो धरून अर्धं सेमिस्टर इतिहास आणि उरलेलं अर्धं क्वांटम-एआय असं करू का. मी आधी बरीच वर्षं सिस्टिम्समध्ये काम केलंय आणि आता हाच विषय शिकवतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

तक्ता बाजूला ठेवा. त्यात आधी काय आलं नि नंतर काय आलं एवढंच कळतं, एक गोष्ट जाऊन दुसरी का आली हे त्यातून निघतच नाही, आणि मुलं तो परीक्षेसाठी पाठ करतात नि विसरतात. शिवाय त्यातला पाचवा रकाना कुठून आला ते बघा. १९८२ साली जपान सरकारने "पाचव्या पिढीचा कॉम्प्युटर" म्हणून मोठा प्रकल्प सुरू केला, लॉजिक प्रोग्रॅमिंगवर (तर्काचे नियम देऊन उत्तर काढून घेण्याची पद्धत) चालणारी समांतर मशीन्स बनवायची आणि त्यातून विचार करणारा कॉम्प्युटर उभा करायचा अशी ती योजना होती, साधारण दहा वर्षं चालली, आणि आजचं एआय काही त्या वाटेने आलं नाही. म्हणजे आपण इतिहासाच्या तक्त्यात एक जुनं भाकीत छापून ठेवलंय आणि मुलांना ते घडलेलं म्हणून शिकवतोय.

माझा अनुभव असा की सगळा सेमिनार एकाच प्रश्नावर उभा करता येतो: त्या काळात काय महाग होतं आणि काय स्वस्त होतं? मेमरी महाग होती का, माणसाचा वेळ महाग होता का, वीज महाग होती का. हा प्रश्न १९४८ लाही लागू पडतो, आजच्या डेटा सेंटरलाही, आणि पुढच्या दहा वर्षांबद्दल बोलताना तर फक्त हाच प्रश्न उपयोगी पडतो, कारण कुठली कल्पना येणार हे सांगणं अवघड, पण कशाचे भाव बदलतायत हे बऱ्यापैकी दिसत असतं. त्यामुळे अर्धं-अर्धं पण करू नका, भूतकाळ आणि भविष्य प्रत्येक तासाला एकत्रच येऊ द्या.

सुरुवात मी मँचेस्टर बेबीपासून करतो (मँचेस्टर विद्यापीठात बनवलेला एक छोटा कॉम्प्युटर). २१ जून १९४८ ला या मशीनने मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. मेमरी किती, तर ३२ शब्द, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा, बास. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल या लोकांनी ती बांधली ती मुळात मेमरीची चाचणी घ्यायला, म्हणजे कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर विद्युतभाराच्या रूपात बिट टिकतात की नाही हे बघायला. पहिला प्रोग्रॅम १७ सूचनांचा. २ चा १८ वा घात म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा (ती स्वतः सोडून) सगळ्यात मोठा भाजक शोधायचा, तोही एकेक आकडा खाली येत प्रत्येकाने भाग जातो का बघत, आणि भागाकार नव्हताच त्यामुळे तो वजाबाक्या करकरून. ५२ मिनिटं मशीन चाललं, सुमारे ३५ लाख ऑपरेशन्स झाली आणि उत्तर आलं १,३१,०७२. उत्तर आधीच माहीत होतं, मुद्दा हा होता की ५२ मिनिटं एकही बिट इकडचा तिकडे झाला नाही.

आता हे नुसतं सांगितलं की मुलं मान डोलावतात. त्याऐवजी त्यांना सिम्युलेटरवर बसवा (बेबीचे सिम्युलेटर फुकट मिळतात) आणि सांगा की दोन संख्यांची बेरीज करून दाखवा. गंमत अशी की या मशीनला बेरीज येत नाही. एकूण सात सूचना, त्यात गणिताची फक्त वजाबाकी, आणि मेमरीतून संख्या उचलली की ती उणे होऊनच येते. मुलं पाच-दहा मिनिटं अडकतात आणि मग कोणाला तरी सुचतं: पहिली संख्या उचला, ती उणे होऊन येते, त्यातून दुसरी वजा करा, आता दोघांची बेरीज उणे चिन्हासकट हातात आहे, ती मेमरीत ठेवा आणि परत उचला, उचलताना चिन्ह पलटतं, झाली बेरीज. चार सूचना. ज्या मुलाने हे स्वतः केलं त्याला "हार्डवेअर महाग होतं" हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण सर्किट वाचवायला प्रोग्रॅमरला किती फिरून जावं लागतं ते त्याने हाताने केलेलं असतं. वर ३२ शब्दांत प्रोग्रॅमही बसवायचा आणि डेटाही, त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नानंतर मुलं आपोआप एकेक शब्द वाचवायला लागतात.

आणि त्याच तासाला भविष्याकडे उडी मारा. त्या ट्यूबवरचा भार गळून जायचा म्हणून तो सतत वाचून परत लिहावा लागायचा. आज तुमच्या लॅपटॉपमधल्या डीरॅमला (मुख्य मेमरीला) पण तेच करावं लागतं, छोट्या कपॅसिटरमधला भार गळतो म्हणून ती दर काही मिलिसेकंदांनी ताजी करावी लागते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सगळं बदललं पण ही अडचण तशीच आहे, का बरं? चर्चेला हा एक प्रश्न पुरतो. एका ट्रान्झिस्टरची डीरॅम सेल रॉबर्ट डेनार्डने शोधली, आयबीएममध्ये असताना, पेटंट १९६८ चं. हे नाव लक्षात ठेवायला सांगा, पुढे परत येणारे.

एनिअॅकवर (अमेरिकेतला सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर) एक तास द्या पण वजन आणि ट्यूबा मोजत बसू नका (३० टन, सुमारे १८,००० ट्यूबा, हे सगळीकडे आहे). एनिअॅक हिशोब झपाट्याने करायचं, पण नवीन गणित लावायचं तर केबली आणि स्विच बदलण्यात दिवसच्या दिवस जायचे. म्हणजे मशीनचा वेग वाढला तशी महाग गोष्ट जागेवरून हलली, ती गणितात राहिली नाही, मांडणीत गेली. ती मांडणी करणाऱ्या सहा जणी, के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास, रूथ लिक्टरमन, यांची नावं वर्गात घ्याच. १९४६ ला मशीन जगाला दाखवलं तेव्हा यांचं नाव कोणी घेतलं नाही आणि पुढे कित्येक दशकं त्या फोटोत फक्त "मशीनजवळ उभ्या बायका" म्हणून राहिल्या. मला हे मनापासून वाटतं की ज्या सेमिनारमध्ये ही नावं येत नाहीत तो सेमिनार अपुरा आहे, आणि यात फक्त न्यायाचा प्रश्न नाहीये, प्रोग्रॅमिंग हे काम अवघड आहे हे कोणी आधीच मोजलं नव्हतं म्हणूनच पुढे सॉफ्टवेअरचा खर्च सगळ्यांना अनपेक्षित वाटला.

तिथून सरळ माणसाच्या वेळाकडे येता येतं. ग्रेस हॉपरचा १९५२ चा ए-झिरो कंपायलर (कंपायलर म्हणजे माणसाला सोयीच्या रूपात लिहिलेल्याचं मशीन कोड करून देणारा प्रोग्रॅम), जॉन बॅकसच्या टीमची १९५७ ची फोर्ट्रान भाषा आणि तिचा कंपायलर. त्या वेळी शंका एकच होती, कंपायलरने केलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगात पळेल का, कारण मशीनचा तास प्रचंड महाग. बॅकसच्या लोकांनी म्हणूनच सगळा जोर ऑप्टिमायझेशनवर दिला. आज एआयने लिहिलेल्या कोडबद्दल जी भांडणं चालतात ती आणि त्या काळच्या शंका शेजारी शेजारी मांडायला लावा, मुलं खूप उत्साहाने बोलतात, फक्त "बघा इतिहास परत घडतोय" एवढ्यावर सोडू नका. फरक कुठे आहे ते विचारा: कंपायलरला भाषेची नेमकी व्याख्या असते, तोच कोड दिला की त्याच अर्थाचं मशीन कोड मिळायला हवं, आणि मिळालं नाही तर तो कंपायलरचा बग. बोलीभाषेतल्या सूचनेला अशी व्याख्याच नाही, मग चूक कोणाची म्हणायची?

दोन अंकी वर्षाचा मुद्दा (वर्ष नुसतं दोन अंकात लिहिलं की २००० आणि १९०० मधला फरक मशीनला कळत नाही) मुलांना माहीत असतो पण वरवर. ८० रकान्यांचं पंच कार्ड, त्यात नाव, रक्कम, तारीख सगळं कोंबायचं, तिथे १९ हे दोन अंक वाचवणं हा त्या काळी पूर्ण शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो २००० पर्यंत कोणाला नडणार नाही असंच वाटत होतं. याचा जोडीदार अजून यायचाय. युनिक्समध्ये (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, चिन्हासकट ३२ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात, आणि ते १९ जानेवारी २०३८ ला ग्रिनिच वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाते. मुलांना हे सी मध्ये दहा ओळीत करून बघायला सांगा. मोठ्या सिस्टिम्स ६४ बिटांवर गेल्यात, पण छोट्या कंट्रोलरमध्ये, जुन्या फाइल फॉरमॅटमध्ये, डेटाबेसच्या एखाद्या कॉलममध्ये ३२ बिट दडून बसलेले असतात आणि ते शोधायचं काम आज वर्गात बसलेल्या या मुलांनाच करावं लागणारे.

आता मूर. गॉर्डन मूरचा (पुढे इंटेलचा सहसंस्थापक) १९६५ चा लेख सगळे सांगतात, वाचत फार कोणी नाही, आणि तो चारच पानांचा आहे, साध्या भाषेत आहे. तो वर्गात ओळ न ओळ वाचा. त्यातला पहिला महत्त्वाचा आलेख वेगाचा नाहीये, खर्चाचा आहे: एका चिपवर किती घटक बसवले तर दर घटकामागचा खर्च सगळ्यात कमी येतो. घटक कमी बसवले तर पॅकेजिंगचा खर्च अंगावर येतो, जास्त बसवले तर खराब चिप्स वाढतात, मधे कुठेतरी तळ लागतो, आणि तो तळ दरवर्षी सरकतोय, साधारण दुपटीने. त्यावरून त्याने फक्त दहा वर्षांचा अंदाज दिला, १९७५ पर्यंत ६५,००० घटक. १९७५ ला स्वतःच त्याने गती कमी करून दर दोन वर्षांनी दुप्पट असं केलं. त्याच लेखात घरगुती कॉम्प्युटर आणि जवळ बाळगायची संपर्काची साधनं यांचाही उल्लेख आहे, १९६५ मध्ये.

पण मूरचा नियम (चिपवरचे घटक ठरावीक काळाने दुप्पट होतात) सांगून थांबलात तर मुलांना वाटतं ट्रान्झिस्टर लहान झाले म्हणून वेग वाढला, आणि मग वेग का थांबला ते कळत नाही. तिथे डेनार्ड परत आणायचा. १९७४ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केलं तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज तेवढीच राहते, म्हणजे जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग आणि उष्णता मात्र तेवढीच. तीस वर्षं हे फुकटचं मिळत होतं. २००५ च्या सुमारास थांबलं, कारण व्होल्टेज आणखी खाली नेलं की ट्रान्झिस्टर बंद असतानाही करंट गळतो. आकडे फळ्यावर लिहा: १९९३ चा पेंटियम ६० ते ६६ मेगाहर्ट्झ, २००४ चा पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे अकरा वर्षांत साठेक पट. त्यानंतरच्या वीस वर्षांत क्लॉक (हाच वेग) दुप्पटही झालं नाही. हे दोन आकडे बघून मुलं गप्प होतात कारण "कॉम्प्युटर दरवर्षी फास्ट होतात" हे ती लहानपणापासून ऐकत आलीत. मल्टिकोर (एका चिपवर अनेक प्रोसेसर), जीपीयूवर (मुळात चित्रांसाठीच्या चिप्स) इतर हिशोब करणं, खास कामासाठीच्या चिप्स, हे सगळं त्या एका भिंतीवर आपटल्यानंतर काढलेल्या वाटा आहेत.

इथून तुमचा भविष्याचा भाग आपोआप सुरू होतो. आज हिशोब स्वस्त आहे, डेटा हलवणं महाग आहे. बाहेरच्या डीरॅममधून एक संख्या आणायला तिची बेरीज करण्यापेक्षा शेकडो ते हजारो पट ऊर्जा लागते. मग ज्या कल्पना हिशोब महाग असताना बिनकामाच्या वाटत होत्या त्या परत वर येतात. सगळ्यात चांगलं उदाहरण सिस्टॉलिक अॅरेचं: एच. टी. कुंग आणि चार्ल्स लाइसरसन यांनी १९७८ च्या सुमारास मांडलं की गणित करणारे छोटे घटक जाळीत बसवा, आकडे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकू द्या, दर वेळी मेमरीकडे जाऊ नका. काही मशीन्स बनली, पण सर्वसाधारण प्रोसेसर इतक्या झपाट्याने सुधारत होते की खास चिप बाजारात येईपर्यंत साधी चिप तिला गाठायची. २०१५ पासून गुगलने आपल्या डेटा सेंटरमध्ये टीपीयू (न्यूरल नेटवर्कच्या हिशोबासाठीची खास चिप) वापरायला घेतली, त्या पहिल्या टीपीयूच्या पोटात २५६ बाय २५६ ची हीच जाळी होती. कल्पना तीच, भोवतालचे भाव बदलले.

न्यूरल नेटवर्कचंही (मेंदूच्या पेशींवरून बेतलेली, उदाहरणांवरून शिकणारी पद्धत) असंच आहे, पण ते शिकवताना एक काळजी घ्या. रोझेनब्लॅटचा पर्सेप्ट्रॉन (सुरुवातीचं साधं नेटवर्क) १९५८, बॅकप्रोपगेशनचा (नेटवर्कला चुकांवरून शिकवायची रीत) गाजलेला पेपर १९८६, अॅलेक्सनेट (चित्रं ओळखणारं नेटवर्क) २०१२, ट्रान्सफॉर्मर (आजच्या भाषेच्या एआयमागची रचना) २०१७, अशी माळ ओवली की वाटतं सगळं एका रेषेत आलं. मधली गोठलेली वर्षं दाखवा, म्हणजे या क्षेत्रातला पैसा आणि रस आटला होता ती. २०१२ चं नेटवर्क दोन गेमिंग जीपीयूवर पाच-सहा दिवस शिकलं आणि त्याला १२ लाख लेबल लावलेली चित्रं मिळाली होती, ही चित्रं इंटरनेटमुळे मिळाली आणि जीपीयू व्हिडिओ गेममुळे स्वस्त झाले, यातलं एकही एआयसाठी झालं नव्हतं. पुढच्या बदलाचा कच्चा माल आज भलत्याच क्षेत्रात स्वस्त होत असेल, तो कुठला, यावर एक अख्खा तास घालवा.

क्वांटमला एकच तास द्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे त्याचं गणित नसतं आणि मग तास नुसता चित्रं दाखवण्यात जातो. त्या एका तासात पीटर शोरचा १९९४ चा अल्गोरिदम (क्वांटम कॉम्प्युटरवर मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने पाडायची रीत) काय धोक्यात आणतो तेवढं घ्या, आणि हे घ्या की अमेरिकेच्या एनआयएसटीने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमपुढे टिकतील अशा एन्क्रिप्शनची पहिली तीन मानकं जाहीर केली. आरएसए (आज सर्रास वापरलं जाणारं एन्क्रिप्शन, जे अवयव पाडणं अवघड आहे यावर उभं आहे) तोडणारं मशीन अजून बनलेलं नाही आणि तरी बदल आत्ताच चालू आहे, कारण आज चोरलेला डेटा साठवून ठेवून उद्या उघडता येतो. जी वस्तू अजून नाहीच तिच्यामुळे आजचं इंजिनिअरिंग कसं बदलतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

जुन्या भाकितांची तपासणी हा सेमिनारचा कणा करा. प्रत्येक मुलाला एक भाकीत द्या आणि मूळ मजकूर वाचून विचारा की काय बरोबर निघालं, काय चुकलं, आणि चुकलं ते कशामुळे. सायमन आणि न्यूएल (एआयचे सुरुवातीचे संशोधक) म्हणाले होते दहा वर्षांत कॉम्प्युटर बुद्धिबळात जगज्जेता होईल, हे १९५८ मध्ये छापून आलं, आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं १९९७ मध्ये. दिशा बरोबर, वेळ साफ चुकली. व्हॅनेवर बुश या अमेरिकन इंजिनिअरने १९४५ मध्ये एका टेबलाची कल्पना मांडली, त्यात माणसाची सगळी पुस्तकं-कागद आणि एका मजकुरावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वाटा, पण सगळं मायक्रोफिल्मवर. म्हणजे वापर अचूक ओळखला, यंत्र भलतंच. जॉन मॅकार्थी (तोही एआयचा सुरुवातीचा संशोधक) १९६१ मध्ये म्हणाला की कॉम्प्युटिंग एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल, ते टाइम-शेअरिंगच्या (एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायचा) काळात बरोबर वाटत होतं, पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर चूक वाटायला लागलं आणि क्लाउड आल्यावर परत बरोबर. मुलांना विचारा की १९९० मध्ये तुम्ही याला किती मार्क दिले असते. मग आपण आज ज्या भाकितांना हसतोय त्यांचं काय, हा प्रश्न तीच विचारतात.

मूळ पेपर वाचायला मुलं घाबरतात, त्यामुळे पूर्ण पेपर देऊ नका, दोन-तीन पानं द्या आणि बरोबर एकच प्रश्न द्या की लेखकाला नेमकी कशाची चणचण होती. गणितज्ञ फॉन नॉयमनच्या १९४५ च्या एडव्हॅक अहवालात (एनिअॅकनंतरच्या मशीनची मांडणी) मेमरी किती लागेल यावर तो किती पानं खर्च करतो ते बघितलं तरी पुरे. पाहुणे वक्ते बोलवायचे असतील तर कंपनीचं भविष्यावरचं प्रेझेंटेशन घेऊन येणाऱ्यापेक्षा जुना कोबोल (धंद्याच्या हिशोबासाठीची जुनी भाषा) कोड किंवा जुनी कंट्रोल सिस्टिम आजही सांभाळणारा कोणी बोलवा, त्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या निर्णयांशी रोज काम पडतं आणि मुलांच्या प्रश्नांना तो ठोस उत्तरं देतो.

शेवटचे दोन आठवडे मुलांच्या स्वतःच्या भाकितांना ठेवा. प्रत्येकाने एक पान लिहायचं, त्यात एक मोजता येईल असा आकडा, एक तारीख, कशाचा भाव बदलेल म्हणून हे होईल ते, आणि काय दिसलं तर मी माझं मत बदलेन ते. "एआय सगळं बदलून टाकेल" असलं काही चालणार नाही, परत द्या. वर्गाने एकमेकांची पानं फोडून काढायची, तुम्ही कमी बोला. मार्क भाकीत किती धाडसी आहे यावर देऊ नका, त्यामागचा खर्चाचा हिशोब किती नीट मांडलाय आणि खोटं ठरवायची अट किती स्पष्ट आहे यावर द्या, आणि हे निकष पहिल्याच आठवड्यात लेखी वाटून टाका, नाहीतर सेमिस्टरच्या शेवटी मुलं क्वांटमवरच्या तयार स्लाइड्स घेऊन येतात.